गोल्ड विंग, आयफोन आणि दोन हेल्मेट: आधी कारभारी ठरवा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दादांनी २०१९ची होंडा गोल्ड विंग टूर ही मोटरसायकल सेकंडहँड घेतली आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःकडे आयफोन, वहिनींकडे अँड्रॉइड, दोघांच्या हेल्मेटमध्ये एकाच कंपनीचे ब्लूटूथ हेडसेट. कारप्ले, म्हणजे आयफोनचे नकाशा, कॉल आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, एखाद्या दिवशी झटकन येतं, एखाद्या दिवशी बटण करडंच राहतं. कॉल हेल्मेटमध्ये ऐकू येतो, पण ‘डावीकडे वळा’ गाडीच्या स्पीकरमधून. मागे बसलेल्या वहिनींना तर काहीच नाही. गाडीवाले म्हणतात फोनचा दोष, फोनवाले म्हणतात गाडीचा.

दादा, तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष ना गाडीत दिसतोय ना फोनमध्ये. साताऱ्यात माझ्याकडे अशा ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकांची एकच गोष्ट चुकलेली असते. तीन-चार उपकरणं एकमेकांना जमेल तशी जोडलेली असतात आणि कारभारी कोण हे कुणी ठरवलेलंच नसतं. हेल्मेट फोनचंही ऐकतं, गाडीचंही ऐकतं, आणि ज्याची हाक आधी पोचेल त्याच्याकडे जातं. तुमच्या गाडीवर कारभारी गाडीच असायला हवी. हेल्मेट फक्त गाडीला जोडायचं. फोन गाडीला केबलने जोडायचा. फोन आणि हेल्मेट यांची आपापसात ओळखच ठेवायची नाही.

आता कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच कळेल. २०१८ला ही नवी गोल्ड विंग आली तेव्हा कारप्ले असलेली ती पहिली मोटरसायकल होती. चारचाकीत छतापाशी माइक असतो, कारप्लेचं निम्मं काम सिरीशी, म्हणजे आयफोनमधल्या बोलून काम करणाऱ्या मदतनीसाशी, बोलून चालतं. मोटरसायकलला माइक कुठे लावणार? वाऱ्यात काय ऐकू येणार? म्हणून ही गाडी आधी विचारते, माइकवाला हेडसेट माझ्याशी जोडलेला आहे का? नसेल तर केबल लावूनही कारप्लेचं बटण करडंच राहतं. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींवरच्या बूम बॉक्स जीटीएस या स्क्रीन-ऑडिओ सिस्टीमवरही कारप्लेला हेडसेट लागतोच, आणि तो बिनतारी हवा असेल तर कंपनीचं वेगळं वायरलेस हेडसेट मॉड्यूल बसवावं लागतं. कारप्ले न येण्याच्या तक्रारीत लोक केबल बदलतात, फोन बदलतात, हेडसेटकडे कुणी बघतच नाही.

तुमच्याकडे सकाळी काय होत असेल ते बघा. तुम्ही हेल्मेट घालता, हेडसेट चालू करता. खिशातला आयफोन जागाच असतो, हेडसेट त्याला जाऊन चिकटतो. गाडी नंतर चालू होते, तिच्या स्क्रीनला उठायला वेळ लागतो, आणि ती हेडसेट शोधते तोवर तो फोनशी गुंतलेला असतो. कारप्ले नाही. ज्या दिवशी गाडी आधी चालू केलीत त्या दिवशी कारप्ले झटकन. ‘कधी येतं, कधी नाही’ याचं उत्तर एवढंच आहे.

आवाज वाटला जाण्याचं कारण थोडं खोल आहे. ब्लूटूथवर कॉलची वाट वेगळी आणि गाण्याची वेगळी. कॉलची वाट, तिला एचएफपी म्हणतात, दोन्ही बाजूंनी चालते, पण आवाज एकसुरी आणि कमी दर्जाचा. गाण्याची, म्हणजे एटूडीपी, स्टीरिओ आणि चांगल्या दर्जाची, पण एकाच दिशेने. कॉलची वाट उघडली की गाण्याची बंद पडते. आजकालचे हेडसेट एका वेळी दोन फोन धरू शकतात, आणि त्यांच्या दृष्टीने तुमची गाडी म्हणजे एक ‘फोन’च. मग कॉल थेट आयफोनवरून हेल्मेटमध्ये येतो आणि नकाशाचा आवाज गाडीच्या हिशेबाने जातो. गाडीच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज स्पीकरला लावलेला असेल तर सूचना स्पीकरवरच वाजणार. आधीच्या मालकाने तसं लावून ठेवलेलं असू शकतं, ते एकदा तपासा.

आता सगळं पुसून नव्याने करायचं. अर्धवट पुसलं तर पुन्हा तोच घोळ. आयफोनच्या ब्लूटूथ यादीतून दोन्ही हेडसेट आणि गाडी, तिघांनाही ‘फर्गेट’ करा. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात कारप्ले, तिथे गाडीचं नाव असेल तर तेही काढा. वहिनींच्या फोनमधून तुमचा हेडसेट काढा, कारण त्यांनी कधीतरी गंमत म्हणून जोडलेला असतोच. गाडीच्या यादीतली जुनी सगळी नावं काढा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाचे फोन आणि हेडसेट हमखास सापडतात. शेवटी दोन्ही हेडसेट फॅक्टरी रीसेट करा. कुठलं बटण किती वेळ दाबायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, ते पुस्तिकेत बघा. नुसतं ‘पेअरिंग’ पुसणं आणि फॅक्टरी रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी करा.

मग गाडी चालू करा, स्क्रीन पूर्ण उठू द्या. तुमचा हेडसेट पेअरिंगला लावा आणि गाडीच्या मेन्यूत रायडरचा हेडसेट म्हणून नोंदवा. इथे फोन पेअरिंगचा मोड वापरायचा. हेडसेटमध्ये जीपीएस पेअरिंग, दुसरा फोन, फक्त संगीत असे वेगवेगळे मोड असतात. माझ्या मते त्या भानगडीत पडू नका, गाडीला पहिला फोन म्हणूनच जोडा. या वेळी आयफोनचं ब्लूटूथ बंदच ठेवा, म्हणजे मध्ये नाक खुपसणार नाही. स्क्रीनवर हेडसेटचं चिन्ह आलं, की ब्लूटूथ चालू करा आणि फोन पुढच्या खणातल्या यूएसबीला लावा. फोन अनलॉक ठेवा. कारप्ले वापरू द्यायचं का असं तो विचारेल, हो म्हणा. लॉक असतानाही चालू द्यायचं का असं विचारलं तर त्यालाही हो, नाहीतर प्रत्येक चहाच्या टपरीनंतर खण उघडत बसाल.

केबलवरच्या कारप्लेला गाडी आणि आयफोन यांच्यात ब्लूटूथ लागतच नाही. कॉल, गाणी, नकाशा सगळं केबलमधून गाडीत जातं आणि गाडी ते हेल्मेटला पाठवते. म्हणून फोन गाडीच्या ब्लूटूथ यादीत नसला तरी घाबरू नका. अँड्रॉइड ऑटोचं, म्हणजे अँड्रॉइड फोनसाठीच्या तशाच सोयीचं, मात्र उलटं आहे. तिथे केबल लावली तरी कॉल ब्लूटूथनेच जातो, म्हणून तो फोन गाडीला ब्लूटूथने जोडलेला लागतो. तुमच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो असेलच असं नाही. होंडाने ते २०२०मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने दिलं, २०१८पासूनच्या गाड्यांना. २०१९ची सेकंडहँड गाडी असेल तर तो अपडेट झालाय का हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. बिनतारी कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या गाडीला २०२५च्या मॉडेलपासून मिळालं, तेव्हा तुम्हाला केबल लागणारच.

केबलचं बोलायचं तर इथेच निम्मे लोक फसतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनवर चार्जिंगचं चिन्ह येतं, म्हणून आपण समजतो केबल ठीक आहे. घरी कॉम्प्युटरला लावून बघा. कॉम्प्युटरला फोन दिसला नाही तर ती केबल कारप्लेला निरुपयोगी. लांबी एक मीटरच्या आत ठेवा, खणात कोंबायला त्याहून छोटीच बरी. खणाचं झाकण लावताना केबल टोकापाशी मुडपत नाही ना तेही बघा. मुडपलेली केबल उभ्या गाडीवर चालते आणि पेठ नाक्याच्या पुढे महामार्गाला लागल्यावर हिसक्या-हिसक्याने तिची जोडणी तुटते. स्क्रीनवर कारप्ले गेलं-आलं असं होत असेल तर आधी तिच्याकडे बघा.

सिरी बंद असेल तर कारप्ले येत नाही. मुलांसाठी स्क्रीन टाइमची बंधनं लावून ठेवली असतील तर त्यातही कारप्ले बंद असू शकतं. हे दोन्ही तपासायला दोन मिनिटं लागतात.

आता वहिनी. इथे मी गाडीच्या कंपनीपेक्षा वेगळा सल्ला देतो. गाडीत पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, हेडसेटची वेगळी नोंदणी करता येते, पण पहिल्याच दिवशी ते करू नका. आधी दोन्ही हेडसेट एकमेकांना इंटरकॉमने जोडा. कंपनी एकच असल्याने हे चुटकीसरशी होतं. वहिनींच्या हेडसेटला त्यांचा स्वतःचा अँड्रॉइड फोन जोडा. म्हणजे त्यांची गाणी त्यांची, कॉल त्यांचे, आणि बोलायचं असेल तेव्हा तुमच्याशी इंटरकॉमवर. पुढे गाडीचीच गाणी ऐकायची असं त्या म्हणाल्या तर मग पिलियन म्हणून नोंदवा. अनुभव असा की बहुतेक जोडप्यांना ती वेळ येत नाही. मागे बसणाऱ्याला नवऱ्याचा नकाशा दर दोनशे मीटरला ऐकायची हौस नसते.

ग्रुपमध्ये जाता तेव्हा एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. मित्राचा हेडसेट वेगळ्या कंपनीचा असेल तर ‘युनिव्हर्सल इंटरकॉम’ वापरावा लागतो. तो कॉलच्याच वाटेवरून चालतो, म्हणजे तुमचा हेडसेट मित्राच्या हेडसेटला एक फोन समजतो. दोन फोनच्या दोन जागा, एक गाडीने घेतली, दुसरी मित्राने. त्यात तुमचा आयफोनही हेडसेटला जोडलेला असेल तर कुणाला तरी उठावं लागणार, आणि बहुधा गाडीच उठते, कारप्ले जातं. जाळीचा इंटरकॉम, म्हणजे सगळे हेडसेट आपापसात जाळं विणून बोलतात तो मेश, असेल तर ही अडचण नाही, त्याची वाट वेगळी. पण त्यालाही बहुधा सगळ्यांचा एकाच कंपनीचा हेडसेट लागतो. म्हणून नवीन घेताना ग्रुपमध्ये जास्त कुठली कंपनी आहे ते बघून घ्या, रंग आणि जाहिरात नंतर.

नकाशाच्या आवाजाची एक खोड आहे. गाणं वाजत नसेल तर आवाजाची वाट झोपलेली असते. सूचना आली की ती उठते, पण तोवर पहिले शब्द गिळले जातात. तुम्हाला ऐकू येतं ते, ‘...मीटरवर डावीकडे वळा.’ किती मीटरवर, ते गेलंच. तसं होत असेल तर हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा, वाट जागी राहते. आवाजाच्या चार चाव्या असतात हे विसरू नका: फोनचा, गाडीचा, हेडसेटचा आणि नकाशाच्या सूचनेचा वेगळा. सूचनेचा आवाज सूचना बोलत असतानाच वाढवावा लागतो, गाणं चालू असताना वाढवला तर गाण्याचाच वाढतो. हे माहीत नसल्याने लोक हेडसेट बदलून आणतात.

हेल्मेटमधल्या स्पीकरची जागा हा विषय लोक उडवून लावतात, मला तो जोडणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्पीकर कानाच्या भोकाच्या बरोबर समोर हवा. बोटभर पुढेमागे झाला की खर्ज जातो, आवाज किरकिरा होतो, आणि माणूस आवाज वाढवत नेतो. चिकटवण्याआधी नुसत्या वेल्क्रोवर ठेवा, हेल्मेट घाला, ओळखीचं गाणं लावा आणि दोन्ही तळहातांनी हेल्मेट कानांवर दाबा. दाबल्यावर आवाज एकदम भरदार झाला तर स्पीकर कानापासून लांब आहे, मागे फोमची चकती घाला. पुढेमागे सरकवल्यावर सुधारला तर जागाच चुकली आहे. माइकही असाच. फुल-फेस हेल्मेटला हनुवटीच्या पट्टीत चिकटवायचा बटणासारखा माइक, मॉड्युलरला दांडीचा. माइकवरचा फोम हरवलेला चालत नाही. तो गेला की समोरच्याला तुमच्या बोलण्याऐवजी फक्त वारा ऐकू जातो, आणि सिरीला तर काहीच नाही.

फोन हँडलवर लावू की खणात ठेवू, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच सांगितलं होतं, की ताकदवान इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं हँडलमधून फोनपर्यंत गेली तर कॅमेऱ्याचं हलणं सावरणारं यंत्र, म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन, आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. गोल्ड विंगचं सहा सिलिंडरचं इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की तिथे धोका कमी, पण तुमच्याकडे स्क्रीन असताना फोन हँडलवर कशाला? खणात ठेवा, खाली फोमचा तुकडा. खणाचा दोष म्हणजे उष्णता. आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक, असं कंपनीच म्हणते. चैत्र-वैशाखात सांगलीची दुपार तेवढ्यावर थांबत नाही. बंद खण, चार्जिंग आणि नकाशा असे तिन्ही एकत्र आले की फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग नकाशाही मंदावतो. उन्हाळ्यात फोनचं जाड कव्हर काढून ठेवा आणि दुपारच्या थांब्याला खण उघडा ठेवा.

पावसाळ्यात कासला जायचं असेल तर नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या. यवतेश्वरच्या घाटानंतर पुढे कास, बामणोली या बाजूला रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि कारप्लेवरचा नकाशा म्हणजे फोनचाच नकाशा. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाही, त्यामुळे बाण थबकतो, बाहेर आल्यावर सावरतो. तिथे काही बिघडलेलं नसतं. गाडीला स्वतःचं नेव्हिगेशन असेल तर रेंज नसताना ते उपयोगी पडतं. त्याचे नकाशे किती जुने आहेत तेवढं बघून घ्या. यूएसबीच्या तोंडात पाणी गेलं तर फोन ओलाव्याचा इशारा देऊन चार्जिंग थांबवतो. तेव्हा जबरदस्ती करू नका, वाळू द्या.

तुमचा धाकटा भाऊ रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० चालवतो असं तुम्ही सहज लिहिलंय, त्याला हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका. तिथे कारभारी फोन आहे. त्या गोल स्क्रीनवर गुगल मॅप दिसतो तो फोनमधून, रॉयल एनफील्डच्या ॲपमार्फत, वाय-फायने. आवाज गाडीतून जातच नाही, म्हणून हेडसेट थेट फोनलाच जोडायचा. तिथली नेहमीची अडचण वेगळीच असते. ‘या वाय-फायला इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवू का’ असं अँड्रॉइड फोन विचारतो आणि आपण सवयीने नाही म्हणतो, नकाशा जातो. हो म्हणायचं, इंटरनेट मोबाइल डेटावरून येतं. आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून ते ॲप वगळायचं, नाहीतर स्क्रीन काळी झाल्यावर फोन त्याला झोपवतो. बाहेरून बसवायचे कारप्ले स्क्रीन सध्या बरेच जण लावतात, त्यांच्यात मात्र कारभारी तो स्क्रीन. हेडसेट त्याला जोडायचा, फोनला नाही, म्हणजे तुमच्याच गाडीचा नियम.

कायद्याचंही थोडं. चालवताना फोन हातात धरून वापरणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये धोकादायक चालवण्यात धरलं जातं, पहिल्या वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये. २०२०च्या नियमदुरुस्तीने नकाशावर रस्ता बघण्यापुरती सूट दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हा पत्ता टाकायचा तो उभ्या गाडीवर. चालत्या गाडीत बरेचसे पर्याय गाडी स्वतःच बंद करते, त्याचा राग मानू नका.

हे सगळं एका संध्याकाळी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रम लक्षात ठेवा: आधी गाडी चालू, स्क्रीन उठू द्यायची, मग हेडसेट, स्क्रीनवर त्याचं चिन्ह, मग केबल. एवढं करूनही बटण करडंच राहिलं तर दोन शक्यता उरतात, हेडसेटचं सॉफ्टवेअर जुनं किंवा गाडीचं. हेडसेटचं तुम्ही घरी मोबाइल ॲपवरून किंवा कॉम्प्युटरला लावून अपडेट करू शकता, आधी तेच करा. गाडीचं करून घ्यायला सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा दोन्ही हेल्मेट, दोन्ही फोन आणि तुमची रोजची केबल बरोबर न्या. अपडेट झाल्यावर गाडी कधीकधी जुन्या जोडण्या विसरते, आणि मग त्यांच्यासमोरच सगळं पुन्हा जोडून, कॉल लावून, नकाशाची एक सूचना ऐकूनच गाडी बाहेर काढा.